माझा न झालेला हर्निया

ज्यांना खरोखर हर्निया झाला आहे, त्यांची आधीच माफी मागतो. गेल्या हिवाळ्यात मी तुमचा आजार उसना घेतला होता आणि तो मला फार महागात पडला.

माझा स्वतःचा आजार एकदाच स्पष्ट लिहून टाकतो, म्हणजे पुढे लाजत बसायला नको. माझी सुंता झाली. बावन्नाव्या वर्षी, कॅनडात, मार्कहॅममध्ये, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. मधुमेहामुळे पुढची कातडी आक्रसत गेली होती. तिला चिरा पडायच्या, भरायच्या, पुन्हा पडायच्या आणि दर वेळी ती आणखी घट्ट व्हायची. शेवटी लघवीला जाणं हे तयारी करून जायचं काम झालं. सहन होत नाही आणि सांगताही येत नाही असं ज्याला म्हणतात, ते दुखणं मी दोन वर्षं जवळ बाळगलं.

हे लिहायचं कारण एवढंच की त्या दिवसांत मी मोबाइलवर खूप शोधलं आणि मराठीत मला कामाचं काही सापडलं नाही. इंग्रजीत होतं ते एकतर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं, नाहीतर तान्ह्या बाळांच्या आयांसाठी. वसईहून इथे आलेल्या, पोट सुटलेल्या माणसाने ऑपरेशननंतर अंघोळ कशी करायची, हे कोणी लिहिलं नव्हतं. म्हणून मी लिहितो.

डॉक्टरीणबाई आणि लाल सिग्नल

फॅमिली डॉक्टरने मला स्पेशालिस्टकडे पाठवलं आणि स्पेशालिस्टची वेळ मिळेपर्यंत झाडांची पानं गळून गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि गॅरेजवाला विंटर टायर्स लावून घ्या म्हणतो त्या सुरात सांगितलं की, सर्कमसिजन करावी लागेल, छोटीशी गोष्ट आहे, त्याच दिवशी घरी. काही प्रश्न आहेत का, असंही विचारलं. माझ्या डोक्यात शंभर प्रश्न होते आणि तोंडातून निघालं, "नो, थँक यू."

शेजारी माझी बायको सिल्वी बसली होती. तिने पर्सची चेन उघडली आणि लावली. गाडीत बसल्यावर तिने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "पप्पांना काय सांगायचं?"

पप्पा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. वसईला त्यांची भाजीची वाडी आहे. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच असतात, म्हणून सिल्वीने त्यांना हिवाळाभर आमच्याकडे आणलं होतं. माणूस सरळ आहे, पण एखादा प्रश्न डोक्यात शिरला की उत्तर मिळेपर्यंत पाठ सोडत नाही.

"आणि मोनिका आंटीला?" सिल्वी पुढे म्हणाली.

मोनिका आंटी आमच्या इथल्या मराठी कॅथलिक प्रेयर ग्रुपच्या सर्वेसर्वा. कोणाच्या घरी आजारपण आहे हे त्यांना कळलं की रविवारच्या चर्चमधल्या मिस्सानंतर सगळा ग्रुप त्या घरी हजर. त्यात प्रेम असतं, हे मी नाकारत नाही. पण त्यांच्यापासून काही लपत नाही, हेही खरं.

खरं म्हणजे सुंता हा शब्द आम्हाला काही नवा नाही. देवळात बायबलच्या वाचनात येतो, फादर तो खणखणीत आवाजात वाचतात आणि म्हाताऱ्या बायका मान खाली घालून भक्तिभावाने ऐकतात. पण देवळात चालणारा हा शब्द घरात सोफ्यावर चालत नाही. शिवाय बाहेर कळलं तर निम्मे लोक विचारणार, इनास, धर्म बदललास की काय.

सिग्नल लाल होता. सिल्वी म्हणाली, "हर्निया सांगूया."

मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं. जागा जवळपासची, पुरुषांना होतो आणि दाखव म्हणून कोणी म्हणत नाही. एक गोष्ट मात्र आम्ही दोघं विसरलो. हर्नियातलं प्रत्येकाला सगळं कळतं.

घरी

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी झोपलो आणि उठलो. त्रास झाला तो उठल्यानंतरच्या सूचनांचा. नर्सबाई प्रेमळ होती, पण आवाज शाळेतल्या पीटीच्या बाईंचा. तिने सगळं खणखणीत समजावलं, काय वर धरून ठेवायचं, कशाला काय लावायचं, किती आठवडे काय करायचं नाही. मध्ये फक्त कापडी पडदा होता. पडद्यापलीकडे कोणाचा तरी गुडघा झाला होता, ते गृहस्थ जाताना मला म्हणाले, "गुड लक, बडी."

आता कामाचं सांगतो. पहिली पट्टी काढताना ती जखमेला चिकटलेली असते. ती कोमट पाण्यात भिजवायची, भिजवत राहायची आणि आपोआप सुटेपर्यंत दुसरं काहीतरी आठवत बसायचं. मी हे केलं नाही. मला घाई होती, मी ओढली. जो आवाज माझ्या तोंडून निघाला तो मी आधी कधी काढला नव्हता.

वॉशरूमच्या दारावर टकटक. "इनास, काय झालं? टाके तुटले?"

"काही नाही, पप्पा."

"पोटाचे टाके बाथरूमला गेल्यावर कसे दुखतात रे?"

मी नळ मोठा सोडला.

पेट्रोलियम जेली कंजुषी न करता लावायची, म्हणजे गॉज चिकटत नाही. पावडर, हळद, खोबरेल यांना त्या गावाला जाऊच द्यायचं नाही. मला वाटलं होतं सैल लुंगी बरी, म्हणून पप्पांची मागून घेतली, पण चालताना तिची प्रत्येक घडी घासायची. पहिले दिवस उलट घट्टशी चड्डीच सुखाची, कारण सगळं जागच्या जागी राहतं. टाक्यांच्या कडेला पिवळसर थर दिसला तेव्हा मी पू झाला म्हणून घाबरलो. सिल्वीने मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं आणि क्लिनिकला फोन केला. तो थर म्हणजे जखम भरण्याची खूण निघाली. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेलीत, पण असा टॉर्च कधी लावावा लागला नव्हता.

आणि पहाटेचं. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. शरीराला ऑपरेशन झाल्याचं माहीत नसतं. ते पहाटे आपल्या सवयीने जागं होतं, टाक्यांवर ताण येतो आणि माणूस ताडकन उठून बसतो. त्यावर उपाय म्हणजे झोपताना पाणी कमी प्यायचं, उठून लघवीला जाऊन यायचं, गार फरशीवर पाय टेकायचे आणि मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचा. एकोणतीसचाच, कारण तो येत नाही.

या सगळ्यात बर्फ पडतच होता. मला जड उचलायची मनाई, म्हणून पप्पा तीन स्वेटर घालून ड्राइव्हवे शोव्हल करायला, म्हणजे फावड्याने बर्फ उपसायला, जायचे. मी खिडकीतून बघायचो आणि लाज वाटायची. मग ते आत यायचे, टोपी काढायचे, माझ्यासमोर बसायचे आणि प्रश्न सुरू व्हायचे.

"लघवीला जळजळ होते का?"

"नाही, पप्पा."

"आधी व्हायची?"

"पप्पा, हर्नियाचा आणि लघवीचा काय संबंध?"

"नाही, सहज." त्यांनी टोपीवरचा बर्फ झटकला. "हे ऑपरेशन पूर्ण झोपवून करतात की जागेपणी?"

दिवसभर हेच. किती दुखलं, आता किती दुखतं, डॉक्टर बाई होती की बुवा, बाई होती तर तुला कसंसंच नाही का वाटलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती. सिल्वी ऑफिसला गेली की मी झोपेचं सोंग घ्यायचो. ते खुर्ची ओढून बसायचे आणि मला जाग येण्याची वाट बघायचे.

दुखऱ्या जागेवर हात

पहिल्याच रविवारी प्रेयर ग्रुप आला. दारात बुटांचा ढीग पडला. सगळ्यांनी गुडघे टेकून रोझरी म्हटली, मला सोफ्यावर बसायची सवलत मिळाली. मी मांडीवर उशी घेऊन बसलो होतो. इथपर्यंत ठीक होतं.

पण आमच्या ग्रुपची एक पद्धत आहे. रोझरी झाली की दुखऱ्या जागेवर हात ठेवून प्रार्थना करतात. पाठ दुखत असेल तर पाठीवर, गुडघा असेल तर गुडघ्यावर. हर्निया ठरवताना ही पद्धत आम्हा दोघांपैकी एकालाही आठवली नव्हती.

मोनिका आंटी उठल्या. "कुठल्या साइडला रे?"

"डावीकडे," मी म्हणालो.

"उजवीकडे," किचनमधून सिल्वी त्याच क्षणी म्हणाली.

आंटींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दोन्हीकडे?"

"हो," मी म्हणालो. "दोन्हीकडे."

"बिचारा," मागून कोणीतरी म्हणालं. आंटींचा हात खाली यायला लागला. मी उशी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"आंटी, डॉक्टरने टच करायला नाही सांगितलंय."

"आम्ही कुठे टच करतो? टच जीझस करतो."

कशीबशी त्यांची समजूत घातली आणि त्यांनी उशीवर हात ठेवला. त्या उशीसाठी पाच-सहा जणांनी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली. त्या घरात तेव्हा दुखत नसलेली तेवढी एकच वस्तू होती.

मग खाणं आलं. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमची रीत, आणि आणलेलं त्यांच्यासमोर खाल्लं नाही तर तो अपमान. फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, आले, रम केक आला आणि कोणीतरी नुकतंच वसईहून आलं होतं, त्यांनी सुकेळी आणली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुकेळी म्हणजे आमच्याकडची उन्हात सुकवलेली केळी, मधासारखी गोड. इथे ती डोळ्यांनाही दिसत नाहीत.

"मला शुगर आहे," मी म्हणालो.

"शुगर कोणाला नाही?" आंटी म्हणाल्या. ते खरंच होतं. आमच्या ग्रुपमध्ये निम्म्यांना मधुमेह आहे आणि सगळे केक खातात. "माझ्या भावाचा हर्निया झाला तेव्हा तो सगळं खायचा. खा, ताकद येईल."

मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी वेगळी माणसं वेगळा डबा घेऊन आली. त्यांनी पोटात जाळी बसवली का, हे विचारलं. मी बसवली म्हणालो. त्यांच्यासमोरही खाल्लं.

साखर

साखर चढली. मी मोजत होतो आणि आकडा बघून मशीन उशीखाली सरकवत होतो. मग उतरलेली सूज परत आली. लाली पसरली, पट्टीला वास येऊ लागला, अंग तापलं. सिल्वीने टॉर्च लावला आणि काही न बोलता गाडीची किल्ली घेतली.

डॉक्टरीणबाईंच्या आवाजात आता विंटर टायर्स नव्हते. त्यांनी विचारलं, काय खाताय? मी चोरासारखा म्हणालो, सुकवलेली केळी. अँटिबायोटिक देते, त्या म्हणाल्या, पण साखर खाली आली नाही आणि हे आठवड्याभरात बसलं नाही, तर परत टेबलवर घ्यावं लागेल, उघडून साफ करावं लागेल, आणि मधुमेह्याच्या जखमेचं पुढे काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही.

माझ्या एका मामाच्या पायाचा अंगठा असाच गेला होता. साधी चप्पल चावली होती. ती जखम चिघळत गेली, मग तो अंगठा कापला, मग पाऊल. मला क्लिनिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या मामाचा पाय आठवला. मी खूप घाबरलो. हा अंगठा नव्हता.

गाडीत सिल्वी रडली. "त्यांना नाही कसं म्हणू? म्हटलं की म्हणतात, हर्नियाला काय होतं." मी तिच्यावर ओरडलो, हर्निया कोणी काढला म्हणून. ती म्हणाली, डावीकडे कोण म्हणालं.

रविवारी ग्रुप पुन्हा आला. रोझरी झाली. आंटींनी प्लेट भरून माझ्या हातात दिली. मी ती खाली ठेवली. त्यांनी उचलून परत दिली.

"आंटी, खरंच नको. साखरेमुळे जखम भरत नाहीये."

"हर्नियाचा आणि साखरेचा काय संबंध?"

माझ्या सासऱ्यांना मी रोज जो प्रश्न विचारत होतो, तोच एका शब्दाच्या फरकाने माझ्याकडे परत आला होता. माझा ताबा सुटला.

"मला हर्निया नाहीये," मी म्हणालो. "माझी सुंता झालीय. जखम चिघळलीय. साखर उतरली नाही तर परत कापणार आहेत. मला ही केळी देऊ नका."

बेसमेंटमधल्या, घर तापवणाऱ्या फर्नेसचा आवाज ऐकू यायला लागला. सिल्वी डाव हातात घेऊन किचनच्या दारात उभी होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पप्पा होते, ते एकटक माझ्याकडे बघत होते. बाकी सगळ्यांना आपापल्या मोज्यांमध्ये काहीतरी सापडलं होतं.

मोनिका आंटींनी प्लेट उचलली, तिच्यावर नीट फॉइल लावली आणि पिशवीत ठेवली. त्या चिडल्या होत्या. "मग आधी नाही का सांगायचं? मी सगळ्या ग्रुपला चुकीच्या जागेसाठी प्रार्थना करायला लावली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा पाठवला. उघडून बघतो तर कारल्याची भाजी. त्यानंतर मेथी, मग नुसतं मीठ घातलेलं माशाचं कालवण. मला त्या बाईंचा जितका राग आला होता, तितकंच त्या कारल्याने गहिवरून आलं. कारल्याने कोणाला गहिवरून आलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

दार

पप्पा मात्र त्या दिवसापासून गप्प झाले. एक प्रश्न नाही. मुलीदेखत, चार माणसांत जावयाने तो शब्द उच्चारला म्हणून त्यांना राग आला असेल, असं मला वाटलं. वाटू दे, मी म्हटलं. निदान झोप तरी मिळते.

एका सकाळी सिल्वी कामावर गेल्यावर ते माझ्या खोलीत आले. आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. घरात आम्ही दोघंच होतो. मग ते खिडकीशी जाऊन बाहेरचा बर्फ बघत उभे राहिले.

"इनास, तुला आधी त्रास काय व्हायचा?"

"पप्पा, आता परत सुरू नका करू."

"चिरा पडायच्या का?"

मी उठून बसलो. चिरांचं मी फॅमिली डॉक्टरशिवाय कोणाकडे बोललो नव्हतो. सिल्वीकडेसुद्धा नाही.

"किती वर्षं झाली, पप्पा?"

त्यांनी मान वळवली नाही. "तुझी सासू होती तेव्हापासून." मग म्हणाले, "अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, म्हणतात ना. तू वैद्य नाहीस तेवढंच बरं."

मला भयंकर राग आला. त्यांचा आला, कारण हा माणूस हे दुखणं घेऊन तीन स्वेटर घालून माझा बर्फ उपसत होता. माझाही आला, कारण रोज समोर बसून ते एकच गोष्ट विचारत होते आणि मी डोळे मिटून घोरत होतो. सगळ्यात जास्त राग त्या हर्नियाचा आला. आम्ही पहिल्या दिवशी खरं बोललो असतो, तर पप्पांनीही पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं असतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. ओढलेली पट्टी, जेली, पिवळा थर, एकोणतीसचा पाढा. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "सिल्वीला सांगू नको."

"मग ऑपरेशन कसलं म्हणून सांगायचं?"

त्यांनी बराच विचार केला. "हर्निया?"

मी हसायला लागलो, हसताना टाके ओढले गेले, मी कळवळलो आणि ते बघून तेही हसायला लागले. डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले, बरं, मीच सांगतो तिला. संध्याकाळी त्यांनी सांगितलं, तिच्याकडे न बघता, पालक निवडत. सिल्वीने त्यांच्या पुढ्यातली जुडी ओढून घेतली आणि त्यांच्याबरोबर निवडत बसली.

माझी जखम अँटिबायोटिकने आणि कारल्याने बसली. परत टेबलवर जावं लागलं नाही. टाके विरघळत गेले, अंघोळीत बारीक दोऱ्यांसारखे गळून पडले. बर्फ वितळल्यावर पप्पा वसईला गेले, कारण इथल्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुनी दुखणी बसत नाहीत. त्यांचं ऑपरेशन तिकडेच झालं. हे सगळं लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे. फक्त पालकाचं का लिहितोस, असं विचारलं.

ऑपरेशननंतर मी त्यांना फोन केला. पट्टी भिजवून काढली का, साखर किती आहे, सगळं विचारून झालं. मग मला राहवलं नाही.

"वाडीत काय सांगितलंत?"

"जे आहे ते."

"मग? सुकेळी घेऊन आले का लोक?"

"सुकेळी कोणी नाही आणली," पप्पा म्हणाले. "पण संध्याकाळी माणसं येतात. एकेकटी. म्हातारी येतात, तुझ्या वयाचीही येतात. बसतात, पावसापाण्याचं बोलतात, मग विचारतात, आधी जळजळ व्हायची का."

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"आणि इनास, आत आला की प्रत्येक जण आधी दार लावून घेतो."